सीमेवर भिंत घालणं हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे का? (पत्रादेवीहून एक प्रश्न)

पेडणेकरीण (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये अमेरिकेच्या मेक्सिको सीमेवरच्या भिंतीवरून जुंपली. एक सर म्हणाले, देश म्हटला की कुंपण आलंच. दुसऱ्या बाई म्हणाल्या, भिंत म्हणजे तुरुंग, मग तो बाहेरून बांधलेला का असेना. घंटा झाली म्हणून वाचलो. माझ्या डोक्यात मात्र टेक्सास नव्हतं, बांदा होतं.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, बांद्याची, म्हणजे आजच्या महाराष्ट्रातली. दिली पलीकडे तोरशात, तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यात. माहेर चालत दीड-दोन तासांवर. १९५४ पासून येण्याजाण्यावर बंधनं येत गेली. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, पंजाबातून आलेला कर्नैल सिंग बेनिपाल तिथे पडला. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे, पणजीच्या बसमधून दिसतं. त्या गोळीबारानंतर भारत सरकारने नाकेबंदी आवळली. रेल्वे बंद, वकिलाती बंद, नाके बंद. आजीचे वडील १९५७ च्या पावसाळ्यात गेले, ते तिला बारावं उलटून गेल्यावर कळलं. निरोप घेऊन आलेला माणूस रात्री रानातून आला आणि पेज पिऊन उजाडायच्या आत परत गेला.

तिच्या वाटेत भिंत नव्हती. चिऱ्यांचा साधा गडगासुद्धा नव्हता. एका बाजूला पाखल्यांची (पोर्तुगिजांची) बंदूक, दुसऱ्या बाजूला आपल्याच सरकारचा परवाना. आणि गंमत अशी की ही नाकेबंदी गोवा मुक्त व्हावा म्हणूनच होती! गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी आजीचं माहेर सहा वर्षं बंद. ती याबद्दल कधी कडवट बोलली नाही. बोललीच नाही, हेही खरं.

ज्या वर्षी बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, १३ ऑगस्ट १९६१, त्याच वर्षी १९ डिसेंबरला आमचा नाका उठला. शाळेत या दोन तारखा आम्ही वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो.

तर प्रश्न असा: सरकारने सीमेवर भिंत घालणं आणि माणसाला मोकळं फिरू देणं, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात का? भावनेने लिहिलंत तरी चालेल, पण घोषणा नकोत.

सरळसोट | रात्री ९.५८

माझ्या घराला दार आहे, दाराला कडी आहे. कोणाला आत घ्यायचं ते मी ठरवतो. देशाचंही तसंच. यात घाला कसला?

अंत्रुजकर | रात्री १०.३०

ताई, आजीची हकीकत वाचून क्षणभर थांबलो. पण मी सीमेच्या बाजूने बोलणार आहे, आणि पुस्तकातून नव्हे, आमच्या देवळातून.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आलं. साष्टीत देवळं पाडली जात होती. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश लोकांनी जुवारी ओलांडून प्रियोळला आणला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. आज पर्यटक ज्या मंगेशीला आणि कवळ्याला गाड्या भरभरून येतात ते देव मुळात निर्वासित आहेत. का वाचले? तर जुवारीच्या या काठावर पोर्तुगिजांचा हुकूम चालत नव्हता म्हणून. फोंडा त्यांच्या हाती लागायला पुढे दोनशे वर्षं गेली. तोवर आमच्या वाडवडिलांना पळून जायला दुसरा काठ होता.

आता विचार करा. तेव्हा सीमाच नसत्या, सगळीकडे एकाचंच राज्य असतं, तर होडी घेऊन जायचं कुठे? 'सीमा म्हणजे गुलामी' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मी म्हणतो, ज्या मुलखाला हद्द आहे तिथेच वेगळा कायदा टिकतो, आणि वेगळा कायदा टिकला तरच माणसाला निवड उरते.

चोडणकार | रात्री १०.४४

वाचतोय. भाताची लावणी चालू आहे, सवडीने लिहितो.

पेडणेकरीण | रात्री ११.०५

काका, तुमचा मुद्दा मनापासून पटला आणि तिथेच अडखळले. त्या रात्री होड्या अंत्रुजच्या (फोंड्याच्या) काठाला लागल्या तेव्हा काठावर भिंत असती तर? 'आमच्या मुलखात आमचे देव पुरेसे आहेत, परत फिरा' असं कोणी सांगितलं असतं तर? मंगेश वाचला तो हद्द होती म्हणून, हे खरं. पण ती हद्द ओलांडता आली म्हणूनही.

अंत्रुजकर | रात्री ११.२०

हं. हे मी वेगळं मोजलं नव्हतं. उद्या बोलतो, डोळे मिटायला लागलेत.

तराजू | सोमवार, सकाळी ७.१५

वकिली चष्म्यातून थोडं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलम काय सांगतं ते नीट वाचायला हवं. आपल्या देशाच्या आत कुठेही फिरायचा, राहायचा हक्क. कुठलाही देश, स्वतःचासुद्धा, सोडून जायचा हक्क. आणि आपल्या देशात परत यायचा हक्क. परक्या देशात शिरायचा हक्क त्यात नाही. छळातून सुटण्यासाठी आसरा मागण्याचा हक्क चौदाव्या कलमात आहे, पण तोही मागण्याचा. म्हणजे बाहेर पडायचा हक्क दिला आणि आत शिरायचा दिला नाही. दार एकाच बाजूने उघडतं, पण पलीकडे कोणीच उघडलं नाही तर माणूस उंबऱ्यावरच उभा राहणार.

म्हणून भिंती दोन जातीच्या मानतात. बर्लिनची भिंत आपल्याच लोकांना कोंडायला होती. ती ओलांडताना किंवा तिच्यापायी किमान १४० माणसं मेली. तिच्याबद्दल वाद नाही. पण पूर्व जर्मन सरकार तिला अधिकृतपणे काय म्हणायचं? 'फॅसिस्टविरोधी संरक्षक भिंत'. म्हणजे बाहेरच्यांना रोखणारी! तेव्हा भिंत बांधणारा काय सांगतो यावर जाऊ नये, बंदुकीचं तोंड कुठे आहे ते बघावं.

आपल्याकडे अनुच्छेद १९(१)(घ) नुसार देशात मुक्तपणे फिरायचा हक्क नागरिकांना आहे. परदेशी जायचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंत सिंग साहनी खटल्यात म्हटलं आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालात त्याला खरं बळ आलं: पासपोर्ट अडवायचा तर कारण सांगा, म्हणणं ऐकून घ्या. आणि अनुच्छेद २१ नागरिकापुरता नाही, कोणत्याही व्यक्तीला आहे. १९९६ साली अरुणाचलातल्या चकमांच्या बाबतीत न्यायालयाने हेच सांगितलं, की त्यांच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे.

सरळसोट, तुमच्या घराच्या उदाहरणात एक गफलत आहे. घराचा मालक एक असतो. देशात एकशे चाळीस कोटी मालक आहेत. माझ्या शेजाऱ्याला त्याच्या बागेत परक्या मजुराला कामाला ठेवायचं आहे, त्याला खोली भाड्याने द्यायची आहे, आणि मी मध्ये पडून 'नाही' म्हणतो. इथे मी माझं दार लावत नाही, शेजाऱ्याचं लावतो.

सरळसोट | सकाळी ८.०२

मग शेजाऱ्याने आणलेल्या माणसाचं पाणी, रस्ता, इस्पितळ कोण देणार? मीच ना, कर भरून? सामायिक विहीर असली की कोणी कोणाला आणावं यात बाकीच्यांचं मत असतंच.

दोडामार्गकर | दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चुका पदरात घ्या. मी राहतो महाराष्ट्रात, कामाला डिचोलीच्या कारखान्यात. घरापासून गेटपर्यंत मोटारसायकलने पाऊण तास. आमच्या गावातल्या घरटी एकाचं पोट गोव्यावर आहे, आणि आजारी पडलं की पाय बांबोळीच्या इस्पितळाकडेच वळतात.

२०२० च्या मार्चमध्ये एका रात्रीत सगळं बंद. नाका तर सोडाच, आडवाटांवर जेसीबीने मातीचे ढीग टाकले. रोग होता, मान्य. पण त्या ढिगाकडे बघताना पहिल्यांदा कळलं की मी रोज 'दुसरीकडे' जात होतो. त्याआधी सीमा म्हणजे मोबाइलवर येणारा 'वेलकम' मेसेज आणि पेट्रोलचा दर. मी अडीच महिने बिनपगारी. माझ्याबरोबर काम करणारा साखळीचा पोरगा मात्र तिथलाच म्हणून आधी हजर झाला. त्याच्यात आणि माझ्यात फरक एका व्हाळाचा (ओढ्याचा).

मग २०२१ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा आदेश आला, निगेटिव्ह अहवाल असल्याशिवाय आत यायचं नाही. खरं सांगतो, तेव्हा राग कमी आला. त्रास होताच, नाकात काडी, लाइन, सगळं. पण काय केलं म्हणजे आत सोडणार ते कागदावर होतं. २०२० च्या मातीच्या ढिगाला काय विचारणार?

आणि २०१८ चं नुस्त्यांचं आठवतं का? फॉर्मेलिनच्या भीतीने बाहेरची मासळी अडवली तेव्हा आमच्याकडच्या ताज्या बांगड्याच्या गाड्याही नाक्यावर थांबल्या. बर्फ वितळेपर्यंत बांगड्याने कुठला कायदा वाचायचा?

पेडणेकरीण | दुपारी १.३५

शेवटच्या वाक्याला दंडवत.

डिचोलीचो_स्विंडनात | संध्याकाळी ६.२०

मी इंग्लंडातून. आमच्या स्विंडन गावात गोंयकार इतके की चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायचं फळांचं छत) बांधायची चर्चा होते (सामान मिळत नाही, मग प्लॅस्टिकच्या सुपाऱ्या टांगतात, असो). आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, म्हणून पोर्तुगालच्या दप्तरी नोंद, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट, म्हणून युरोपभर मोकळी वाट, म्हणून मी इथे गोदामात. भारताचा पासपोर्ट सोडावा लागला, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ती सही करताना हात जड झाला होता.

मग इंग्लंडने युरोपातून अंग काढलं. ३१ डिसेंबर २०२० नंतर ती वाट मिटली. मी आधी आलो म्हणून राहिलो, माझ्या चुलतभावाने एक वर्ष उशीर केला म्हणून तो गोव्यातच. तिथेही भिंत नाही हो. समुद्र आहे आणि एक खिडकी आहे, खिडकीत एक बाई आहे.

आता कडू लागेल ते लिहितो. गावी आलो की तिंट्यावर (बाजारच्या चौकात) ऐकतो, 'भायल्यांनी गोंय भरलें', म्हणजे बाहेरच्यांनी गोवा भरला. बोलणाऱ्याची दोन मुलं लंडनला. गोव्यात मूळ गोंयकार कोण ते कायद्याने ठरवा म्हणणारे 'पोगो'वाले मुक्तीच्या आधीचा जन्म बघतात. आणि पोर्तुगालही मला पासपोर्ट देताना नेमका तोच बघतो. एकच जन्मदाखला: एका ठिकाणी मला आत घेणारा, दुसऱ्या ठिकाणी कुणाला तरी बाहेर ठेवणारा.

अंत्रुजकर | रात्री ९.१५

स्विंडनकर, तिंट्यावरचा तो माणूस मीच समजा. मुलगा लिस्बनला आहे. पण माझी भीती खोटी नाही. डोंगर कापून बंगले होतायत, भाषा बाजारातून नाहीशी होतेय, गावच्या विहिरी आटल्या. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचं राज्य. सगळ्यांना फिरायचा हक्क आणि आम्हाला जसे होतो तसे उरायचा हक्क नाही?

तराजू | रात्री ९.३२

काका, तो हक्क कायद्याने काही ठिकाणी दिलाय. नागालँड, मिझोराम, अरुणाचल आणि २०१९ पासून मणिपूरला इनर लाइन परमिट (बाहेरच्यांना आत यायला लागणारा परवाना) आहे. मुळात ती १८७३ ची इंग्रजांची सोय, चहाच्या आणि इतर व्यापाराच्या हिशोबाने केलेली. पुढे तीच डोंगरी लोकांची ढाल झाली. पण डोंगर कापणारा बिल्डर परवाना घेऊन येईल, काका. परवान्याविना राहील तो त्याच्या साइटवरचा बिहारी गवंडी.

चोडणकार | रात्री १०.१०

लावणी आटोपली. आता लिहितो.

आम्ही खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीतली माणसं. आमचं अख्खं जगणं बांधावर. खाडीचं खारं पाणी शेतात आलं तर तीन वर्षं भात नाही. म्हणून बांध हवाच, त्यावर तडजोड नाही. पण नुसता बांध घातला तर पावसाचं पाणी आत तुंबून पीक कुजतं. म्हणून बांधाला मानस असते. लाकडी दारं, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पूर्वी भाताच्या हंगामानंतर मुद्दाम खारं पाणी घ्यायचे, त्याबरोबर मासळी, सुंगटं (कोळंबी) आत यायची. मानशीवर मासे धरायची पावणी (लिलाव) होते, पैसा गावकऱ्यांच्या संस्थेला.

आता पावणी घेणारे लबाडी करतात. जास्त सुंगटं मिळावीत म्हणून अवेळी मानस उघडी ठेवतात, शेत खारवतं. शेतकरी बोंबलतो, ऐकायला कोणी नाही. बांध तोच, मानस तीच. भांडण होतं ते कधी उघडायची हे ठरवण्यावरून.

माझं शिक्षण कमी, अमेरिकेचं मला माहीत नाही. आमच्याकडे मात्र बांधाविरुद्ध कोणी बोलत नाही, मानशीवरून डोकी फुटतात.

सरळसोट | रात्री १०.२५

हे आवडलं. माझंच म्हणणं आहे हे.

दोडामार्गकर | रात्री १०.२७

माझंही. म्हणजे दोघांपैकी एकाला कळलेलं नाही.

तराजू | रात्री ११.००

अमेरिकेचं राहिलंच, म्हणून थोडक्यात. तिथे आतल्या लोकांचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. मेक्सिकोबरोबरची हद्द ३,१०० किलोमीटरहून मोठी, त्यातली सुमारे दोन हजार एकट्या टेक्सासात, आणि टेक्सासातली जमीन बहुतेक खाजगी. २००६ च्या कायद्यानंतर कुंपण घालायला सरकारने लोकांची शेतं सक्तीने संपादन केली. रिओ ग्रांद नदीच्या पूरपात्रात अडथळा घालता येत नाही, मेक्सिकोशी करार आहे, म्हणून कुंपण नदीपासून आत सरकलं. परिणाम? ब्राउन्सव्हिलच्या बाजूला काही अमेरिकन माणसांची घरं आणि शेतं कुंपणाच्या 'पलीकडे' गेली. स्वतःच्या शेतात जायला फाटकावर आकडे दाबायचे. सरळसोट, ही तुमची कडी, पण बाहेरून लागलेली.

आपल्याकडे बांगलादेश सीमेवर तेच. चार हजार किलोमीटरहून लांब हद्द, बरीचशी कुंपणाने बंद. कुंपण शून्य रेषेपासून दीडशे यार्ड आत, त्यामुळे भारतीय शेतकऱ्यांची शेतं, काही वस्त्या तारेच्या पलीकडे. फाटक ठरल्या वेळी उघडणार, ओळखपत्र जमा करायचं, सूर्यास्ताआधी परत यायचं. रात्री बाळंतपण निघालं तर जवानाच्या दयेवर. २०११ च्या जानेवारीत पंधरा वर्षांची एक मुलगी तार ओलांडताना गोळी लागून मेली, तिचा देह काही तास तारेवरच लटकत होता. तो फोटो ज्याने पाहिला तो विसरत नाही.

आणि भिंत पाडायला लावता येते असं नाही, पण सरकवता येते. २००४ च्या जूनमध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने बैत सुरिक खटल्यात वेस्ट बँकेतल्या भिंतीचा सुमारे तीस किलोमीटरचा मार्ग बदलायला लावला. सुरक्षा हवी हे न्यायालयाने मान्य केलं, फक्त सुरक्षेच्या मानाने गावकऱ्यांचं नुकसान फार आहे म्हणाले. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, पॅलेस्टिनी भूमीतली ती भिंत मुळातच बेकायदा, असं मत दिलं. मला स्वतःला दुसरं मत बरोबर वाटतं. पण शेतकऱ्याला त्याची ऑलिव्हची झाडं परत मिळाली ती पहिल्याने.

अंत्रुजकर | मंगळवार, सकाळी ६.५०

ताई, तुमच्या होडीवाल्या प्रश्नावर दोन रात्री काढल्या. उत्तर असं: मला अजूनही हद्द हवी. पण मंगेशीला जाऊन हात जोडताना 'परक्यांना घेऊ नका' असं माझ्या तोंडून यापुढे निघणार नाही. बाहेर तिंट्यावर निघेल कदाचित. माणूस आहे.

दोडामार्गकर | सकाळी ७.२०

काका, एकदम प्रामाणिक. ताई, एक विचारायचं राहिलं. मुक्तीनंतर आजी बांद्याला गेल्या का?

पेडणेकरीण | सकाळी ७.४५

गेली. १९६२ च्या संक्रांतीला, तिळगूळ घेऊन, बाबांना बोटाला धरून. बाबा आठ वर्षांचे. त्यांना एवढंच आठवतं की आत्तापर्यंत ज्याला 'मामाचं गाव' म्हणायचे ते गाव खरोखरच आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

तिथे पोचल्यावर कळलं की वडिलांच्या जमिनीची वाटणी कधीच होऊन गेली होती. दोन भावांनी आपापली नावं लावून घेतली. बहिणीला विचारायचं होतं म्हणे, पण ती 'पलीकडे', तिला सहीला आणणार कसं? माडाची बाग होती, नदीच्या काठाला. आजी एवढंच म्हणायची, 'येता आलं असतं तर भांडले असते.'

तराजू | सकाळी ८.१०

वडील १९५७ ला गेले म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू झाला होता. वडिलांच्या वाट्यात मुलीचा हिस्सा होता. जुने फेरफार सावंतवाडीला काढून बघता येतील. मुदतीचा प्रश्न येईल, पण बघायला काय हरकत आहे?

पेडणेकरीण | सकाळी ८.२२

नको हो. बाबांचे मामेभाऊ थकलेत आता, आणि दर चतुर्थीला आम्ही त्यांच्याकडेच जेवतो. शहाळी त्याच बागेतली असतात.